घर विकतच घ्यावं लागतं का?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. कारणापुढे एकच शब्द लिहिला होता, ‘प्लॉट’. तो वाचल्यावर सगळ्या जणी गप्प झाल्या. त्याच गटातल्या एका ताईने दोन वर्षांपूर्वी असाच प्लॉट घेतला होता. गावाबाहेरचं शेत, त्यात चुन्याने आखलेले तुकडे. गळ्यातली पोत मोडली, गटाचं कर्ज काढलं, भावाकडून उसने आणले आणि दोन लाख सत्तर हजार भरले. हातात आली ती स्टँपपेपरवरची ताबा पावती. जमीन शेतीची, बिगरशेती झालेली नव्हती. खरेदीखत होईना, सातबाऱ्यावर नाव लागेना. विकणारा आता फोन उचलत नाही. ताई अजून भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहते आणि गटाचा हप्ता मात्र नियमित भरते.

त्या दिवशी अर्ज मंजूर करायचा की नाही, यावर आम्ही तासभर बोललो. मग एका आजीने विचारलं, “माय, घर इकतंच लेवानं का? दुसरी वाटच नही का?” आजचं बोलणं आजीच्या त्या प्रश्नावर आहे.

आपल्या डोक्यात घर दोनच प्रकारे येतं. सासऱ्याकडून आलेलं, नाहीतर विकत घेतलेलं. भाड्याचं घर म्हणजे तात्पुरतं, थोडं कमीपणाचं, मालक म्हणेल तेव्हा भांडी उचलायची. पण विचार करा. धुळ्याला जायला आपण एसटी विकत घेत नाही. बाळंतपणासाठी दवाखाना विकत घेत नाही. या सोयी सगळ्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या आणि गरज असेल त्याने त्या वापरायच्या. घराचंही असं होऊ शकतं. सरकार, नगरपालिका किंवा लोकांची सहकारी संस्था घरं बांधते. त्यांचं भाडं किंवा किंमत बाजारभावाने ठरत नाही, राहणाऱ्याची कमाई बघून ठरते. जोवर भाडं भरता तोवर तुम्हाला कोणी उठवत नाही. याला सामाजिक घरं म्हणतात. शब्द नवा वाटेल, पण गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे.

मुंबईच्या बीडीडी चाळी तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. १९२०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्या बांधल्या. इमारती २०७, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरणी कामगार, पोलीस, बंदरावरचे मजूर तिथे अगदी कमी भाड्यात राहिले, पोरं शिकली, मोठी झाली. घर विकत न घेता तीन तीन पिढ्या निघाल्या. पण डागडुजीकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं आणि इमारती खंगल्या. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथे म्हाडा नव्या इमारती बांधत आहे, आणि जुन्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरं मालकीने मिळत आहेत. म्हणजे तिथेही शेवटी उत्तर आलं ते मालकीचंच.

दूर युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे, ऑस्ट्रिया देशाची राजधानी. तिथे मात्र नगरपालिकेने ही वाट सोडली नाही. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या घरांचे फार हाल होते. तेव्हा १९२३मध्ये नगरपालिकेने घरांवर कर लावला. ज्याचा बंगला मोठा त्याला कर जबर, ज्याची खोली लहान त्याला नावापुरता. त्या पैशातून १९३४पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. त्यातली एक इमारत एक किलोमीटरहून लांब आहे, १९३०मध्ये पूर्ण झालेली. तिच्यात सामाईक धुलाईघर होतं, बालवाडी होती, वाचनालय होतं. धुलाईघराचं मला फार कौतुक वाटतं. घर बांधताना बाईच्या कंबरेचा विचार कोणीतरी केला होता. आजही तिथे नगरपालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. घर देताना कमाईची अट असते, पण पुढे कमाई वाढली म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यावर शिक्षिकाही राहते आणि झाडूवालीही. ‘ती गरिबांची वस्ती’ असं बोट दाखवायला जागा राहत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, व्हिएन्ना राहू द्या, आपल्या खानदेशाचं बोला. बोलते. आपल्याकडचं उदाहरण जळगावचं आहे आणि ते दुखरं आहे.

१९९०च्या दशकाच्या शेवटी जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुल योजना हाती घेतली. अकरा हजारांवर घरं बांधायची होती. पूर्ण झाली सुमारे दीड हजार. २००६मध्ये तिथल्या महापालिकेच्या आयुक्तांनी पोलिसात फिर्याद दिली. खटला आपल्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ला निकाल लागला. माजी मंत्री, नगरसेवक, ठेकेदार असे ४८ जण दोषी ठरले. पुढे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. कोर्टाचं काम कोर्ट करील. मला त्यात दिसतं ते एवढंच, की ज्यांना त्या घरांत राहायचं होतं त्या बायांना ठेका कोणाला दिला, पैसे कधी सुटले, काम कुठवर आलं, यातलं काहीही विचारण्याची जागा नव्हती. त्यांचं काम होतं यादीत नाव लागायची वाट बघणं.

आता याच्या उलटं सोलापूर. तिथे विड्या वळणाऱ्या हजारो बाया आहेत, मजुरी हजार विड्यांमागे. झोपडपट्टीत एका खोलीत तंबाखू, पानं, लेकरं आणि चूल. त्यांची युनियन होती, नेते नरसय्या आडम, तिकडे त्यांना आडम मास्तर म्हणतात. या बायांनी नुसतं ‘आम्हाला घर द्या’ म्हटलं नाही, स्वतःची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. नाव ठेवलं गोदावरी परुळेकरांचं, त्याच गोदूताई ज्यांनी ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. सोलापूरजवळ कुंभारी गावात जमीन घेतली. घराचा खर्च साधारण साठ हजार, त्यात केंद्राचा एक वाटा, राज्याचा एक आणि बाईचा स्वतःचा एक, म्हणजे वीस हजार. विडी वळणाऱ्या बाईला वीस हजार एका दमात कुठले? मोर्चे, धरणं, बँकांचे उंबरे, सरकारी दारं, यात बरीच वर्षं गेली. १ सप्टेंबर २००६ला तिथली दहा हजार घरं तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. त्यानंतर त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर अशा असंघटित कामगारांसाठी. त्यातली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली. सरकारं वेगळ्या पक्षांची होती, युनियन तिसऱ्याच पक्षाची. तरी काम झालं, कारण संस्था राहणाऱ्यांची होती आणि ती कोणालाच स्वस्थ बसू देत नव्हती.

सोलापुरातही सगळं गोडगोड नाही. वस्ती शहराबाहेर, म्हणजे रोजची ये-जा आली. घर मालकीचं आहे, भाड्याचं नाही, त्यामुळे बाईचा वाटा भरावाच लागतो आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्या मागे राहतात. तरीही जळगाव आणि सोलापूर शेजारी ठेवले की मला आपलं बचत गटाचं रजिस्टर आठवतं. ज्या गटात वही फक्त अध्यक्षाच्या घरी असते तो गट बुडतो. ज्या गटात दर बैठकीला हिशेब मोठ्याने वाचला जातो तो टिकतो. घरांचंही मला तेच दिसतं.

आता आपल्या भागात काय मिळतं ते पाहू.

सामोडे, दहिवेल, कुडाशी अशा गावांत राहणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. ही २०१६पासून इंदिरा आवासच्या जागी आली. सपाट भागात घरामागे एक लाख वीस हजार, डोंगरी भागात एक लाख तीस हजार, हे केंद्र आणि राज्य मिळून. शिवाय रोजगार हमीतून स्वतःच्या घराच्या कामाचे सुमारे नव्वद दिवसांचे पैसे आणि शौचालयाचे वेगळे बारा हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं असावं, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. आदिवासी कुटुंबांना शबरी, अनुसूचित जातींना रमाई घरकुल योजना आहे. पैसे हप्त्याने खात्यावर येतात आणि प्रत्येक हप्त्याआधी घराच्या कामाचा फोटो जातो. मंजुरी बाईच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने द्यायची असते. तुमच्या घरकुलाचा मंजुरीचा कागद घरी गेल्यावर एकदा काढून बघा. कोना नाववर शे, ते वाचा. आमच्या गटांतल्या निम्म्या जणींनी तो कागद कधी पाहिलाच नव्हता.

ही योजना म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतःचं घर. ज्याला जागाच नाही तो अडकतो. त्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत देते. प्लॉटसाठी गटाचं कर्ज काढण्याआधी पंचायत समितीत हिची चौकशी करा. आमच्या त्या ताईला ही माहिती वेळेवर मिळाली असती तर पोत वाचली असती. समन्वयक म्हणून ती चूक माझी.

आणि भाड्याचं काय? आता पिंपळनेरला नगरपरिषद आहे, म्हणून शहरी योजनाही आपल्याला बघावी लागते. प्रधानमंत्री आवास योजना शहरीचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला. त्यात चार भाग आहेत. स्वतःच्या जागेवर बांधणं, संस्थेने बांधलेलं घर घेणं, कर्जाच्या व्याजात सूट, हे तीन सगळ्यांना माहीत आहेत. चौथा भाग किफायतशीर भाड्याच्या घरांचा आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. कामासाठी शहरात आलेले मजूर, नोकरी करणाऱ्या बाया, शिकणारी मुलं, अशांसाठी परवडणाऱ्या भाड्यात घरं बांधायला त्यात मदत आहे. अशी घरं आपोआप येत नाहीत. नगरपरिषदेने किंवा एखाद्या संस्थेने प्रस्ताव द्यावा लागतो, आणि प्रस्ताव तेव्हाच होतो जेव्हा कोणी मागतं.

हे आपल्याला का लागतं ते सांगते. आपल्या तालुक्यातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, सुरतेला जातात. मुली नर्सिंग करून नाशिकला, धुळ्याला नोकरीला लागतात. त्यांना तिथे प्लॉट नको आहे. चार-पाच वर्षं नीट दार-कडी असलेली खोली हवी आहे, जिथून मालक मध्यरात्री उठवणार नाही. नोकरी करणाऱ्या बायांच्या वसतिगृहासाठी केंद्राची सखी निवास योजना आहे. तिचा एक नियम मला फार पटतो. भाडं पगाराच्या प्रमाणात. एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्क्यांहून जास्त नाही, दोघींच्या खोलीला १० टक्के, मोठ्या सामाईक खोलीत साडेसात टक्के. बारा हजार पगाराच्या मुलीला दोघींच्या खोलीचं भाडं बाराशेच्या आत. लहान लेकरू असलेल्या आईलाही तिथे राहता येतं. मुलगी बाहेर नोकरीला निघाली असेल तर त्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आधी विचारा, मग खोली शोधा.

ज्यांचं गावात शेत आहे, म्हातारे आहेत, त्यांनी मालकीचं घर बांधावंच, त्यात दुमत नाही. बाईच्या नावावर घर असलं की नवऱ्याला ‘चल नीघ’ म्हणताना दोनदा विचार करावा लागतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आयुष्यभराची कमाई एका चुन्याच्या चौकोनात ओतणं हीच एकमेव वाट आहे असं आपल्याला कोणी पटवलं, आणि आपण मान हलवली. भाड्याचं पण हक्काचं घर मागण्यात कमीपणा नाही.

त्या बैठकीत अर्जाचं काय झालं ते राहिलं. कर्ज आम्ही नामंजूर केलं नाही, थांबवलं. अर्ज करणारी रागावली, दोन बैठका आली नाही. मग तिच्यासोबत दोघी जणी तलाठी कार्यालयात गेल्या, प्लॉटचा गट नंबर सांगून सातबारा काढला. जमीन शेतीचीच निघाली. आता तिचा जागा खरेदी योजनेचा अर्ज पंचायत समितीत आहे आणि ती दर सोमवारी जाऊन त्याचं काय झालं ते विचारते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन कागद आणा, घराचा उतारा किंवा भाडेपावती, आणि घरकुल मंजूर असेल तर त्याचं पत्र. ज्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या घरकुल यादीत आहे त्यांनी यादीतला क्रमांक लिहून आणा. नगरपरिषदेला भाड्याच्या घरांबद्दल द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी लिहिला आहे, तो तिथे वाचून दाखवीन. सह्या त्यानंतर, आधी नाही.