म्हाताऱ्या कुत्र्याची तांबडी लघवी

शेतावरचे राखणीचे कुत्रे असो वा छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यात फाटकाशी बांधलेले असो, आठ-नऊ वर्षांचे झाले की त्याचे खाणे मंदावते, अंग उतरते आणि मालक म्हणतो, वय झाले. पुढे एके दिवशी लघवी तांबडी दिसते. उष्णता झाली असे ठरवून ताक पाजले जाते. चार दिवसांत रंग निवळतो व घरात हायसे वाटते. घोटाळा होतो तो येथेच. कारण मूत्रपिंडात गाठ असली तरी रक्त मधूनमधून आपोआप थांबते.

हा रोग विरळा होय. कुत्र्यांतील सर्व गाठींपैकी मूत्रपिंडातच उद्भवणाऱ्या गाठी शेकडा दोनांहून कमी भरतात. मात्र त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या असतात. म्हणून आधी नेहमीची कारणे पाहावीत : मूतखडा, मूत्राशयाचा दाह, गोचीड ताप. आपल्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी जननेंद्रियाची गाठही पुष्कळ आढळते. लघवी होत नसतानाही रक्त ठिबकत असेल, तर संशय तिकडे न्यावा. ग्रामसेवकाने मालकास प्रथम हेच विचारावे. यास पैसा लागत नाही.

दवाखान्यात जाताना स्वच्छ बाटलीत त्याच दिवशीची लघवी न्यावी. पशुवैद्यक पोट चाचपून पाहतात. परंतु लहान गाठ हातास लागत नाही, ती सोनोग्राफीत दिसते. रक्ततपासणीत कधी उलटेच आढळते : रक्त जाऊनही तांबड्या पेशी वाढलेल्या असतात, कारण काही गाठी त्या पेशी वाढविणारा संप्रेरक स्रवतात. गाठीची जात मात्र तिचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कळत नाही. छातीचे क्ष-किरण चित्र टाळू नये. हा रोग फुप्फुसांत पसरतो. अशा तपासणीसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारणा करता येईल.

छाती स्वच्छ व दुसरे मूत्रपिंड धड असेल, तर रोगट मूत्रपिंड काढून टाकता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ८२ कुत्र्यांच्या एका अभ्यासात कर्करोग झालेल्यांपैकी निम्मी कुत्री सुमारे १६ महिने वा अधिक जगली. राखणीच्या कुत्र्यास हा काळ थोडा नव्हे. तोवर माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्यांनी धड मूत्रपिंडही बिघडते.

जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी कुत्र्याच्या पायांवरून व डोक्यावरून हात फिरवीत जावे. कातडीखाली टणक गुठळ्या लागल्या, तर लघवी स्वच्छ असली तरी सोनोग्राफी करावी. या जातीतील एका आनुवंशिक रोगात, ज्याचा जनुकदोष २००३ साली सापडला, बहुधा दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होतात. तेथे शस्त्रक्रियेचा उपाय चालत नाही, आणि अशा कुत्र्याची पैदासही घेऊ नये.