हुकलेला डाव

नागापूरच्या मंडळींना कुस्ती ठाऊक आहे. टेनिस हा खेळ मात्र जरा परका. मैदानाच्या मधोमध जाळी बांधतात. हातातल्या रॅकेटने चेंडू जाळीपलीकडे मारायचा. समोरच्याला तो परतवता आला नाही, की गुण आपला.

सांगलीचे नंदू नाटेकर लहानपणी टेनिस खेळत. पण कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सामन्यात ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. म्हणून ते रडत बसले नाहीत. त्यांनी बॅडमिंटन हा दुसरा खेळ धरला. १९५६ साली मलायात त्यांनी मोठी स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यांचा मुलगा गौरव. त्याने टेनिसच धरले. तो व्यावसायिक खेळाडू झाला. म्हणजे काय? तर खेळ हेच पोटापाण्याचे काम. स्पर्धेत जितके पुढे जावे, तितके पैसे मिळतात. १९९४ साली जपानात हिरोशिमा येथे आशियाई खेळ झाले. तिथे लिअँडर पेसच्या जोडीने गौरवने दुहेरीत सोन्याचे पदक जिंकले. १९९६ साली त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडूचे वय लवकर सरते. आता गौरव स्पर्धांतून निवृत्त झाले आहेत.

एक डाव हुकला म्हणून वडिलांनी खेळ सोडला नाही. वडील जिथे हरले, तो खेळ मुलाने टाळला नाही.

उद्या तुमचे पोर हरून घरी आले, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?