‘राहतो’ आणि ‘राहील’: कॅनडाच्या स्थलांतर-कायद्यातील निवासाची संकल्पना

‘तुम्ही कोठे राहता?’ या प्रश्नाला मराठीत एकच मनुष्य दोन उत्तरे देऊ शकतो, व दोन्ही खरी असू शकतात. गिरणगावातील चाकरमान्याचे बिऱ्हाड परळला असे आणि घर रत्नागिरीकडे. गणपतीला तो ‘घरी’ जाई, पण शिधापत्रिकेवर पत्ता मुंबईचा असे. घर, बिऱ्हाड, मुक्काम, वास्तव्य या शब्दांनी भाषा ज्या छटा सहज वेगळ्या ठेवते त्या कायद्याला बहुधा एकाच क्रियापदात कोंबाव्या लागतात, आणि मग त्या क्रियापदाचा अर्थ ठरविणे हे न्यायाधीशांचे काम होऊन बसते. कॅनडात कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेल्या व्यक्तीने आपल्या पतीस वा पत्नीस तेथे बोलावून घेण्यासंबंधीचे नियम हे याचे बोलके उदाहरण होय. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कित्येक तरुण-तरुणींच्या संसाराशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येत असल्याने त्याचा विचार केवळ शब्दकुतूहलापोटी करावयाचा नाही.

प्रथम परिभाषेविषयी. ज्याला इंग्रजीत ‘स्पॉन्सर’ म्हणतात त्यास ‘प्रायोजक’ म्हणण्याची रीत आहे. तथापि त्या शब्दाला आता जाहिरातींचा वास लागला आहे. जोडीदाराच्या निर्वाहाची लेखी जबाबदारी पत्करणारा तो, म्हणून प्रस्तुत लेखात त्यास ‘हमीदार’ म्हटले आहे. ‘परमनंट रेसिडेंट’साठी ‘कायम रहिवासी’ हा रूढ शब्द ठेवला आहे, जरी तो फसवा आहे. कारण कायम रहिवासी हा कायम तेथे राहतच असला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. 2001 साली संमत होऊन 28 जून 2002 पासून अंमलात आलेल्या अधिनियमाच्या 28 व्या कलमान्वये कायम रहिवाशाने प्रत्येक पाच वर्षांच्या काळात किमान 730 दिवसांचा हिशेब भरून द्यावयाचा असतो. म्हणजे पाचांपैकी सुमारे तीन वर्षे तो परदेशी असला तरी त्याचा दर्जा अबाधित राहतो. येथे ‘राहणे’ हे क्रियापदच नाही. इंग्रजी पाठात ‘शरीराने उपस्थित’ अशा अर्थाचे शब्द आहेत, तर तितक्याच अधिकृत असलेल्या फ्रेंच पाठात ‘प्रत्यक्षात उपस्थित’ अशा अर्थाचे. हेतू, घर, बिऱ्हाड यांपैकी कशाचीही विचारणा नाही. दिवस मोजले की झाले. पूर्वीच्या, 1976 च्या, कायद्यात बारा महिन्यांत 183 पेक्षा अधिक दिवस बाहेर राहिलेल्या मनुष्याने देश सोडला असे गृहीत धरीत, पण आपला तसा हेतू नव्हता हे सिद्ध करण्याची मुभा त्याला असे. नव्या कायद्याने हेतूचा हा शोध बाजूस सारला.

शिवाय या हिशेबात काही परदेशातील दिवसही जमेस धरले जातात: नागरिक असलेल्या जोडीदारासमवेत बाहेर घालविलेले, किंवा कॅनडातील व्यवसायसंस्थेच्या पूर्णवेळ नोकरीत बाहेर घालविलेले. ‘समवेत असणे’ म्हणजे काय, हाही वादाचा विषय झालेला आहे. नवऱ्यामागून बायको गेली की बायकोमागून नवरा, असा खल अपील-विभागाच्या निर्णयांतून झालेला आढळतो. वास्तविक नियमावलीने ‘सामान्यतः एकत्र राहणे’ एवढीच कसोटी सांगितली आहे.

हमीदाराचा नियम मात्र वेगळ्या जागी, म्हणजे नियमावलीच्या 130 व्या कलमात, आहे आणि त्याची भाषाही वेगळी आहे. हमीदार हा किमान अठरा वर्षांचा नागरिक वा कायम रहिवासी असावा आणि तो कॅनडात ‘राहत’ असावा. लगेच पुढच्या पोटकलमात नागरिकापुरता अपवाद आहे: तो बाहेर राहत असला तरी, जोडीदाराला प्रवेशाचा दर्जा मिळेल तेव्हा तो कॅनडात ‘राहील’ एवढे पुरे. कायम रहिवाशाला वर्तमानकाळ, नागरिकाला भविष्यकाळ! व्याकरणातील एका काळाच्या फरकाने दोन संसारांची गती निराळी होते. त्यात 133 वे कलम असे की, ही पात्रता अर्जाच्या दिवसापासून निर्णयाच्या दिवसापर्यंत सलग टिकली पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेतो. टोरांटोतील एका कंपनीने आपल्या एका कायम रहिवासी अभियंत्याला दोन वर्षांसाठी पुण्यास धाडले. तेथे त्याचे लग्न झाले. 28 व्या कलमाच्या दृष्टीने पुण्यातला त्याचा प्रत्येक दिवस कॅनडातल्याइतकाच मोलाचा. दर्जाला धक्का नाही. परंतु पत्नीसाठी हमीदार होऊ म्हणेल तर तो अपात्र ठरण्याचा संभव मोठा, कारण तो कॅनडात ‘राहत’ नाही. एका कलमाने जो मनुष्य तेथे असल्यासारखा धरला, तोच दुसऱ्या कलमाच्या दारात अनुपस्थित ठरतो. त्याने परत जाऊन बिऱ्हाड थाटावे, अर्ज करावा आणि निर्णय होईतो पत्नीपासून दूर राहावे, असा याचा व्यवहारातील अर्थ. अधूनमधून थोड्या दिवसांच्या भेटीने निवास तुटतो असे सहसा मानीत नाहीत; पण वर्षभर पत्नीजवळ जाऊन राहणे ही भेट नव्हे. तोच मनुष्य नागरिक असता तर पुण्यातूनच अर्ज करता.

चूक झाल्यास उपाय काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. 730 दिवस भरले नाहीत म्हणून दर्जा जात असेल तर मानवतेच्या व करुणेच्या कारणांचा, विशेषतः मुलांच्या हिताचा, विचार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी गावी अडकून पडलेल्या मुलीला तेथे काही आशा असते. हमीदारीच्या अपिलात मात्र 65 वे कलम आडवे येते: हमीदार नियमाप्रमाणे हमीदार आहे असे आधी ठरल्याखेरीज अपील-विभागाने करुणेची कारणे पाहावयाचीच नाहीत. म्हणजे तीच मुलगी, त्याच आईसाठी, तितकेच दिवस बाहेर राहिली, तर स्वतःचा दर्जा कदाचित वाचवू शकेल, पण त्या अपिलात नवऱ्याची हमी वाचविण्यासाठी आईचे आजारपण तिला उपयोगी पडणार नाही. दिवसांची मोजणी कठोर दिसते, पण तिला क्षमा आहे. ‘राहणे’ हा शब्द सैल दिसतो, त्याला नाही. मला ही विसंगती हेतुपुरस्सर वाटत नाही. दोन नियम दोन वेगळ्या प्रयोजनांनी लिहिले गेले आणि त्यांची गाठ एका माणसाच्या आयुष्यात पडली, इतकेच.

मग ‘राहणे’ ठरवावयाचे कसे? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 साली एका धनिक करदात्याच्या प्रकरणात याची चर्चा केली आहे. हा गृहस्थ बर्म्युडाचे वास्तव्य सांगत असे, परंतु न्यू ब्रन्सविकमध्ये घर बांधून उन्हाळे तेथे काढीत असे, तेही 183 दिवसांची मर्यादा न ओलांडता. न्यायालयाने त्याला तेथील सामान्य रहिवासी ठरविले. न्यायमूर्ती रँड यांच्या विवेचनाचा रोख असा की, आयुष्याच्या नित्यक्रमात मनुष्य जेथे नेमाने राहतो ते पाहावे. प्रकरण प्राप्तिकराचे होते हे खरे. पण या विचाराचा प्रतिध्वनी पुढे 1992 च्या नागरिकत्वविषयक एका निर्णयात स्पष्ट उमटलेला आहे. आपल्याकडील 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 20 वे कलमही याच वळणाचे आहे: मतदारसंघात नुसते घर मालकीचे असल्याने कोणी तेथील सामान्य रहिवासी होत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने तसे असणे संपतही नाही.

म्हणून अर्जदाराकडून मागितले जातात ते पुरावे नित्यक्रमाचे असतात: भाडेचिठ्ठी, वेतनपत्रे, कराचे विवरण, विजेची बिले. चाकरमान्याच्या भाषेत सांगावयाचे तर गावचे घर दाखवून तेथे भागत नाही; बिऱ्हाड चालू असल्याचे दाखवावे लागते.