हृदयरोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना



आपल्या एका सभासद काकांचा मुलगा सौदी अरेबियात अबकैक येथे तेल प्रकल्पावर नोकरीला आहे. काकांना चार महिने जिना चढताना छातीत जडपणा येत होता. मुलाला घोर नको म्हणून त्यांनी फोनवर सांगितले नाही. डॉक्टरांनाही 'थोडी ॲसिडिटी आहे' एवढेच म्हणाले. सोबतच्या काकूंनी खरे सांगितले, म्हणून निदान झाले. हृदयविकारात बरेचसे निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. म्हणून ही तयारी करून जावे.

एका कागदावर लिहा: त्रास कधीपासून, काय केल्यावर होतो, किती वेळ टिकतो, विश्रांतीने थांबतो का. आठवडाभर घरी मोजलेला रक्तदाब, आई-वडील-भावंडांचे हृदयविकार, तंबाखू-सिगारेटची सवय हेही लिहा. चालू गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घ्या. काढे, चूर्णे आणि गुडघेदुखीच्या गोळ्याही. जुना ईसीजी असल्यास जरूर न्या, नव्याशी ताडून पाहता येतो.

डॉक्टर बोलतात ते शब्द असे समजावेत:

अंजायना: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याने श्रमाने छातीत दुखणे. धमनी एकाएकी बंद झाली की हृदयविकाराचा झटका.

हार्ट फेल्युअर: हृदय बंद पडणे नव्हे, त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणे. पाय सुजतात, आडवे झाल्यावर दम लागतो. यात पापड-लोणच्यातले मीठ बाधते.

एट्रियल फिब्रिलेशन: नाडी अनियमित होणे. हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात.

झडपांचा विकार: वयोमानाने किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसते अथवा गळते. टूडी इको तपासणीत ती दिसते. ती सोनोग्राफीसारखीच असते, दुखत नाही.

निघताना विचारा: मला नेमके काय झाले आहे? कोणती गोळी कायमची? उपवासाला गोळ्या कशा घ्याव्यात? एकादशी असली तरी गोळी मनाने बंद करू नये.

छातीत दुखणे किंवा दडपण काही मिनिटांत थांबले नाही, घाम फुटला, दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधीकधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा कमालीचा थकवा जाणवतो.

मुले परदेशी असतील त्यांनी त्यांच्यापासून लपवू नये. सौदीतले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. डॉक्टरांची परवानगी घेऊन तपासणीच्या वेळी मुलाला फोनवर घेता येते.

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन तेथील समाजसेवा विभागात भेटावे.

शेवटी एक विनंती. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसोबत दवाखान्यात जाण्यासाठी महिन्यातून एक दिवस देऊ शकणाऱ्या भक्तांनी आपले नाव ट्रस्टच्या कार्यालयात नोंदवावे. काकूंसारखे खरे सांगणारे माणूस प्रत्येकाच्या घरी असतेच असे नाही.