न विचारलेला प्रश्न

व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची सैन्यभरती टाळून हजारो अमेरिकन तरुण शेजारच्या कॅनडात गेले. त्यांना तेथे निर्वासित म्हणून आश्रय मिळाला, असा आमचाही समज होता. वस्तुतः कायद्याने ते साधे स्थलांतरितच होते. १९६७ पासून तेथे वय, शिक्षण, भाषा यांना गुण देऊन कायम वास्तव्याची परवानगी मिळे. भरती टाळणे हा कॅनडाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. सैन्यातून पळून आलेल्यांना मात्र अधिकारी अडवीत. अखेर २२ मे १९६९ रोजी, अर्जदाराला लष्करी सेवेविषयी विचारायचे नाही, असे मंत्री ॲलन मॅकईचन यांनी जाहीर केले. (अर्जातील एका रकान्याचे वजन आम्हा बँकेतल्यांना ठाऊक आहे!) मायदेशी परतल्यास खटल्याची टांगती तलवार होतीच. २१ जानेवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. पळालेल्या सैनिकांना ती लागू नव्हती.