पालखीतला दवाखाना नेमका कुणाच्या हुकमाने चालतो?

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडते आणि लोणंदला मुक्कामाला येते. तिथीप्रमाणे कधी एक, तर कधी दोन मुक्काम असतात. एरवी कांद्याच्या बाजारासाठी आणि पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन म्हणून ओळखले जाणारे हे गाव तेवढ्या वेळापुरते लाखो माणसांचे होते.

वारकऱ्याच्या लेखी नीरेचा पूल हा वाटेतला एक टप्पा असतो. आरोग्य यंत्रणेच्या लेखी मात्र त्या पुलावर सगळेच बदलते. अलीकडे पुणे जिल्ह्याची पथके, पलीकडे साताऱ्याची, आणि पुढे धर्मपुरीला सोलापूरची. अलीकडच्या तंबूत रक्तदाब वाढलेला आढळलेला वारकरी संध्याकाळी लोणंदच्या तंबूत येतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरसाठी तो नवाच रुग्ण असतो.

एका जिल्ह्याच्या आतही कारभार एका हाती नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांचे नियंत्रण वेगळे. पाणी आणि स्वच्छता नगरपंचायतीची, रस्ता पोलिसांचा. त्यात गावातले खासगी डॉक्टर, औषध विक्रेते, वैद्यकीय महाविद्यालयांची पथके आणि सेवाभावी संस्था. आशाताई तर मानधनावर काम करतात. यातले बहुतेक जण एकमेकांचे साहेबही नाहीत आणि हाताखालचेही नाहीत. मग अशा वेळी नेतृत्व म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाचा अभ्यास आधी दवाखान्यात नाही, तर जंगलात झाला. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले. माणसे आणि बंब यांची कमतरता होतीच. पण वेगवेगळ्या अग्निशमन दलांचे शब्द वेगळे, वायरलेस वेगळे आणि हुकूम देणारे अनेक, ही अडचणही तितकीच मोठी ठरली. त्यातून घटना हाताळण्याची एक समान पद्धत तयार झाली. प्रत्येक संस्थेने आपला अधिकार आपल्याकडेच ठेवायचा, पण उद्दिष्टे एकत्र बसून ठरवायची आणि कोणते काम कुणाचे हे आधीच लिहून ठेवायचे, हे तिचे सार. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. २००५च्या कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे या साऱ्यांना एका टेबलाशी बसवणे हे त्यांचे काम.

मात्र टेबलावर ठरलेले तंबूत उतरावे लागते, आणि खरी कसोटी तिथे लागते. समजा, रात्री दहा वाजता साठीतल्या एका वारकऱ्याच्या छातीत दुखू लागले. तंबूतल्या डॉक्टरने ईसीजी काढला, तो संशयास्पद आला. आता न्यायचे कुठे? फलटणचे उपजिल्हा रुग्णालय पालखीच्याच वाटेवर आहे आणि त्या वाटेवर पुढे निघालेली वाहने व माणसे आहेत. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय सालपे घाटापलीकडे आहे. कोणती वाट मोकळी हे पोलिसांना ठाऊक, कोणत्या रुग्णालयात खाट आणि तज्ज्ञ आहे हे शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला, आणि रुग्ण किती वेळ तग धरेल हे तंबूतल्या डॉक्टरला. त्या दहा मिनिटांत जो या तिघांची माहिती एकत्र आणतो, तोच नेता. मग तो हुद्द्याने कनिष्ठ का असेना. हृदयाचा झटका आला असेल तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचे स्नायू मरत असतात. वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहत बसणे रुग्णाला परवडत नाही.

रुग्ण एका पथकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना माहिती गळते, हे रुग्णालयांना चांगलेच ठाऊक आहे. त्यासाठी जगभर चार प्रश्नांची एक साधी रीत वापरतात, तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. आता काय झाले आहे? आधीपासून काय आजार आहे? मला काय वाटते? तुमच्याकडून काय हवे? ही चार उत्तरे फोनवर अर्ध्या मिनिटात देता येतात. ती द्यायला परिचारिकेला किंवा रुग्णवाहिकेतल्या माणसाला संकोच वाटता कामा नये. हाताखालचा माणूस न घाबरता बोलू शकतो त्या गटात चुका लवकर उघड होतात, असे एमी एडमंडसन यांचे संशोधन सांगते. त्यांचा याविषयीचा गाजलेला शोधनिबंध १९९९चा आहे.

वारीला ही गोष्ट नवी नाही. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्याच आरफळचे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, मगच पुढचे काम. लाखोंच्या गर्दीत तक्रार थेट वरपर्यंत पोचवणारी याहून सोपी यंत्रणा सापडणे अवघड.

आरोग्य यंत्रणेत असा टाळ सर्वांत आधी पाण्याबाबत वाजायला हवा. एकेकाळी पंढरीची यात्रा म्हटले की पटकीची धास्ती असे. आज टँकर भरणारा एक, क्लोरीन टाकणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा असतो. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर टँकर तिथेच थांबवण्याचा अधिकार तपासणाऱ्या आरोग्यसेवकाला हवा. तो फोन करून साहेबांना शोधत बसला, तर तेवढ्यात शेकडो तांबे भरून झालेले असतात.

राज्य सरकारने २०२३पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यामुळे वाटेवर तात्पुरते दवाखाने आले, दुचाकीवरचे आरोग्यदूत आले. साधने वाढली, तशी ती एकमेकांशी जोडण्याची गरजही वाढली.

या साखळीचा एक दुवा खुद्द वारकऱ्याच्या हातात आहे. आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद प्रत्येकाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावा. तंबूत तपासणी झाली की त्यावरच रक्तदाब आणि साखर लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाबद्दल डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. जुलाब सुरू झाले तर ओआरएस घ्यावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे प्यावे. आणि छातीत दुखले, दम लागला किंवा घेरी आली, तर ‘वारी चुकेल’ म्हणून लपवू नये. दिंडीप्रमुखाला सांगावे, १०८ला फोन करावा.

लोणंदचा मुक्काम हलतो तेव्हा पालखी तरडगावकडे निघते. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. गावातले तंबू उतरवले जातात, पथके पांगतात. त्याआधी सर्वांनी अर्धा तास एकत्र बसून कुठे अडले, कुणाचा फोन लागला नाही, कोणता रुग्ण उशिरा पोचला हे लिहून काढले आणि तो कागद फलटणच्या पथकाच्या हाती दिला, तर पुढच्या मुक्कामी तीच चूक पुन्हा होणार नाही. या कामाला वेगळा निधी लागत नाही. ‘हा कागद मी लिहितो’ असे म्हणणारा एक माणूस मात्र लागतो.