प्रतिकार कोणाचा? : गोवंशीय मांस आणि औषधरोधी जिवाणू

मराठीत 'प्रतिकारशक्ती' हा शब्द शरीराच्या बाजूचा आहे. रोगाशी झुंजण्याचे ते सामर्थ्य होय. 'प्रतिजैविकांचा प्रतिकार' या पदबंधात मात्र कर्ता पालटतो. येथे झुंजतो तो जिवाणू आणि निष्प्रभ ठरते ते औषध. या शब्दसाम्यामुळे शरीरालाच औषधाची सवय जडते, असा समज सहज रूढ होतो. तमिळमध्येही अडचण हीच आहे. 'नोय एदिर्प्पु शक्ती' म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, 'नुण्णुयिर् एदिर्प्पी' म्हणजे प्रतिजैविक आणि जिवाणूंचा रोध सांगतानाही पुन्हा 'एदिर्प्पु'च.

हा केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. चेन्नईतील अंबत्तूरलगतच्या ओरगडमसारख्या वस्तीत कच्चे मांस विकत घेणाऱ्या गृहिणीपर्यंत तो पोहोचतो. तामिळनाडूच्या १९५८ च्या पशुसंरक्षण कायद्यानुसार, दहा वर्षांवरील व काम आणि प्रजननास निरुपयोगी ठरलेल्या, अथवा इजा वा व्याधीमुळे कायमच्या अक्षम झालेल्या जनावराच्या कत्तलीस दाखला मिळू शकतो. म्हणजे मांसासाठी येणारे जनावर बहुधा दीर्घ आयुष्य जगलेले असते. दुभत्या गायीला कासदाहासारख्या विकारांत प्रतिजैविके दिली जातात. प्रत्येक उपचारात औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, रोधक्षम तेवढे उरतात आणि त्यांचीच संतती आतड्यात वाढते.

निरोगी जनावराचे स्नायू आतून जवळजवळ निर्जंतुक असतात. कातडे सोलताना किंवा आतडी काढताना शेणातील जिवाणू मांसाच्या पृष्ठभागास लागतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. येथे दोन गोष्टींत गल्लत होते. मांसातील औषधाचा अंश ही एक गोष्ट आणि रोधक्षम जिवाणू ही दुसरी. औषध थांबवून ठरावीक काळ लोटल्यावर पहिली ओसरते; दुसरी तशीच राहू शकते. शिवाय रोधाची जनुके पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या सुट्या जनुकखंडांवर असल्याने एका जातीच्या जिवाणूकडून दुसरीकडे जातात.

कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाला रोध देणारे असेच फिरते जनुक २०१५ मध्ये चीनमधून प्रथम नोंदले गेले. जनावरांतील आणि कच्च्या मांसातील जिवाणूंतही ते आढळले होते. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशुपक्ष्यांसाठी या औषधाचा वापर बंद केला. तत्पूर्वी, २०१० मध्ये, मद्रास विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने चेन्नईतील रुग्णांत 'न्यू डेल्ही' हे नाव धारण करणारे रोधक जनुक दाखविले. तेव्हा देशात वाद पेटला तो मुख्यतः नावावरून. नाव किती मोठे ओझे वाहते, याचे हे उदाहरण बोलके आहे.

मांस आतपर्यंत पुरेसे शिजविल्यास रोधक्षम जिवाणूही इतरांप्रमाणेच मरतात. औषधाला पुरून उरणे म्हणजे उष्णतेला पुरून उरणे नव्हे. धोका उरतो तो कच्च्या मांसाच्या सुरीत, पाटावर आणि हातांत, जेथून तो न शिजविता खाल्ल्या जाणाऱ्या काकडी-कांद्यावर उतरतो.

म्हणूनच शरीरासाठी 'प्रतिकारशक्ती' आणि जिवाणूसाठी 'औषधरोध' अशी विभागणी मराठीने कटाक्षाने पाळणे इष्ट आहे. रोध आपल्या शरीरात जडतो असे मानणारा माणूस स्वतःच्या गोळ्यांपुरता विचार करतो. तो जिवाणूंत असतो हे उमगले, की गोठा, कत्तलखाना आणि स्वयंपाकघर ही एकाच साखळीची कडी असल्याचे ध्यानात येते.